उथळ पाणी, वळणांचा रस्ता

प्रश्न : ताई, सप्टेंबरमध्ये आम्ही ग्रीसला, क्रीट बेटावर जातोय. मुलं पाच आणि आठ वर्षांची, सोबत सासूबाई. एलाफोनिसीचा किनारा झेपेल का?

उत्तर : मुलांसाठी मी तरी हाच सुचवेन. समोरच्या बेटाकडे चालत जाताना पाणी बरंचसं गुडघ्याएवढंच असतं. खरी अडचण रस्त्याची. क्रीटमधल्या हानिया शहराहून सुमारे ७५ किलोमीटर, त्यात डोंगरातली वळणं. दीड तास धरा आणि ज्याला गाडी लागते त्याला पुढे बसवा. सकाळी लवकर निघा. सावली फारशी नाही, तेव्हा पोहोचताच सासूबाईंसाठी सावलीची सोय करा, बाकी सगळं नंतर. जोराचा वारा असेल तर सरळ बेत बदला, वाळू डोळ्यांत जाते. आणि हो, तिथली गुलाबीसर वाळू उचलायला मनाई आहे. निघताना मुलांचे खिसे तपासा!