२०२१ मध्ये शाळा उघडल्या तेव्हाचा प्रश्न: मुलांना कोरोनाचा धोका किती? पाठवावं का?

४ ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे वर्ग भरू लागले, तेव्हा वहिनींनीही मला हेच विचारलं. म्हटलं, पाठवा, वहिनी.

लागण मुलांनाही होते, पण बहुतेकांचं ताप-सर्दीवर निभावतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) जून-जुलै २०२१ च्या पाहणीत सहा ते सतरा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांत अँटीबॉडीज, म्हणजे लागण होऊन गेल्याची रक्तातली खूण, सापडल्या. म्हणजे शाळांना कुलूप असतानाही विषाणू घरी येऊन गेलाच होता! मधुमेह, हृदयविकार असलेल्या मुलांचं मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवा. कोरोनानंतर दोन ते सहा आठवड्यांत जोराचा ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मला तेव्हा जास्त काळजी घरातल्या आजीची वाटली, मुलांकडून तिला लागण होईल म्हणून. वहिनींना विचारलं, तिचे लशीचे दोन्ही डोस झालेत ना? आणि वर्गाच्या खिडक्या उघड्या असतात का, एकदा स्वतः जाऊन बघा.