माझी पंधरा वर्षांची मुलगी कोणावरच विश्वास ठेवत नाही; आमच्या वाढवण्यात काही चुकले असेल का?

मुलगी मैत्रिणींना मनातले काही सांगत नाही, शिक्षकांच्या हेतूवरही शंका घेते आणि आपण तर तिला 'माणसे ओळखून राहा' एवढेच शिकवले होते, असे आपण लिहिले आहे. मी गोव्यातील फोंडा तालुक्यात राहते, २२ वर्षे उच्च माध्यमिक विद्यालयात शिकवते आहे आणि एका मुलीची आई आहे. मी मानसशास्त्रज्ञ नाही, हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

आपण लोकांविषयी काय बोलतो याचा मुलांवर परिणाम होतोच. पण त्यांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीचे आपण पुढे काय करतो, याचा त्याहून अधिक होतो, असे माझे मत आहे. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. मुलगी दहावीत असताना एका रात्री भांडी पुसता पुसता तिने मला सांगितले, की तिला अकरावीला विज्ञान घ्यायचे नाही. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आम्ही मूळ घरी गेलो. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला सगळे जमले होते, दीर केवणीच्या सालीच्या दोराने सुपारीचे घोस आणि कवंडळाची रानफळे बांधत होते, आणि बोलण्याच्या ओघात मी हसत सांगून टाकले, की आमच्या बाईसाहेब आता चित्रकार होणार आहेत. वाईट कोणीच बोलले नाही, थट्टा मात्र आरतीपर्यंत चालली. ती हातातले आंबाडे टोपलीत ठेवून आत निघून गेली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर माझ्या प्रत्येक प्रश्नाला 'काही नाही' एवढेच उत्तर मिळाले. मैत्रिणींनाही ती काही सांगेनाशी झाली आहे, हे मला फार उशिरा कळले. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "सांगितलं की ते आपलं राहत नाही, आई."

हाकान स्टॅटिन आणि मार्गारेट कर या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधील चौदा वर्षांची ७०३ मुले आणि त्यांचे पालक यांच्याविषयीचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध केला. मुलांच्या दिनक्रमाविषयी पालकांना जे ठाऊक असते ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितल्यामुळे, खोदून विचारल्यामुळे किंवा बंधने घातल्यामुळे फारसे नाही, असे त्यांना आढळले. म्हणून, आपण तिचा फोन चोरून पाहत असाल तर ते थांबवावे, असे मी सुचवेन. एवढे करून हाती थोडेच लागते, आणि पकडले गेलो तर जवळचे माणूसही पाळत ठेवते, हा धडा तिला आपल्याच घरात मिळतो.

कडक असणे हा दोष नव्हे. सातच्या आत घरी ये, कुठे जातेस ते सांगून जा, हे नियम कारणासह सांगितले आणि सर्वांना सारखे लावले, तर मुले कुरकुरतात, पण पाळतात. घातक ठरतो तो अबोला. चूक कबूल केल्यावर दोन दिवस बोलणे बंद करणाऱ्या घरात, खरे सांगितले की माया आटते, हेच मूल शिकते.

'माणसे ओळखून राहा' या शिकवणीविषयी थोडे. आमच्याकडे पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे भोंपू वाजवत येतो, फाटकाला अडकवलेल्या पिशवीत पाव ठेवतो आणि पैसे महिनाअखेरीस नेतो. हिशेबाची वही आजवर कोणी तपासलेली नाही. हे रोज पाहणाऱ्या मुलीला संध्याकाळी 'जग लबाड आहे' असे ऐकवणे विसंगत आहे. सावधगिरी जरूर शिकवावी, पण सरसकट संशय म्हणजे शहाणपण नव्हे. विश्वास ठेवणारी माणसे इतरांपेक्षा अधिक भोळी असतात असे दिसत नाही, हे मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांनी १९८० सालीच मांडले होते.

अर्थात सगळा दोष स्वतःकडे घेऊ नये. तिने मैत्रिणीला पाठवलेला खासगी संदेश कोणी वर्गाच्या ग्रुपवर टाकला असेल, तर घरच्या वळणापेक्षा तोच घाव मोठा असू शकतो. तसे काही घडले का, हे एकदा शांतपणे विचारावे आणि उत्तर लगेच मिळाले नाही तर पिच्छा पुरवू नये.

मी मुलीची माफी मागितली, तीही कारणे न देता. लगेच काहीच बदलले नाही. पुढच्या पावसाळ्यात तिने एका मैत्रिणीशी झालेले भांडण मला सांगितले आणि "आत्याला सांगू नकोस," असे बजावले. आत्याने मला दोनदा विचारले, तेव्हा ती शेजारच्याच खोलीत होती. मी चहा टाकायला उठले.