‘गहाण’ या जुन्या शब्दाचा अर्थ काय? तारण, ओलीस, जामीन हे त्याचेच समानार्थी शब्द का?

शाळेच्या पेपरात लिहायचे असतील तर खुशाल समानार्थी म्हणून लिहा, एक मार्क मिळेल. आमचा मात्र या शब्दांच्या घोळात दोन एकर मळा गेलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार.

मूळ शब्द संस्कृत ‘ग्रहण’. प्राकृतात त्याचं ‘गहण’ झालं आणि आपल्याकडे ‘गहाण’. म्हणजे सूर्याला लागतं तेच हे. ‘दे दान, सुटे गिराण’ ही आरोळी ऐकली असेल. ग्रहण सुटतं, गहाण सोडवतात. आमची आजी तर सरळ म्हणायची, ‘मळ्याला गिराण लागलंय.’

1972 च्या दुष्काळात आजोबांनी भावकीतल्याच एकाकडून अडीच हजार रुपये घेतले आणि विहिरीजवळचा मळा त्याला कसायला दिला. माझे वडील म्हणायचे, मळा गहाण आहे. थोरले चुलते म्हणायचे, ‘तात्यांनी विकला, सातबारा बघ.’ दर बेंदराला बैलांना पोळी चारून झाली की हे भांडण ठरलेलं. आई ताटं उचलायला घ्यायची तेव्हा कुठे थांबायचे दोघं.

2011 साली आजी गेली. तिच्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी स्टॅम्पपेपर सापडला, चार घड्या घातलेला आणि घडीवर विरलेला. वर ठळक अक्षरात ‘मुदत खरेदीखत’. चुलत्यांनी तेवढंच वाचलं. ‘बघ, खरेदी!’ मी खाली वाचत गेलो. सातव्या ओळीत होतं: ‘सदर रक्कम पाच वर्षांत परत केल्यास मिळकत तुम्ही मला माघारी लिहून द्यावी, न केल्यास हेच खत कायम खरेदीखत समजावे.’

तालुक्याचे वकील म्हणाले, परतीची अट त्याच कागदात असेल तर कोर्ट त्याला गहाण धरू शकतं, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 58. वडील खुर्चीत एकदम ताठ बसले. मग वकिलांनी बोटांवर मोजलं. मुदत संपली 1977 ला. सोडवायला तीस वर्षं, म्हणजे 2007. चार वर्षं उशीर. वडिलांनी कागद होता त्याच घड्यांवर परत मिटला. चुलते चहा न घेताच उठले.

या प्रकाराला जुन्या दस्तांत ‘गहाण लहान’ म्हणत: मुदतीत पैसे आले नाहीत तर जिन्नस सावकाराचा. मुदत टळली तरी सोडवायचा हक्क राहतो, असं मुंबई हायकोर्टाने 1864 सालीच म्हटलं होतं. आमच्यापर्यंत ते पोचायला दीडशे वर्षं लागली. तोवर सावकार कागदाला ‘खरेदी’ नाव द्यायला शिकले होते. माणसं मथळाच वाचतात हे त्यांना पक्कं ठाऊक.

आता तुमचे शब्द. जामीन म्हणजे दुसऱ्यासाठी उभा राहणारा माणूस, तो काही हवाली करत नाही. ओलीस (जुना शब्द नुसता ‘ओल’) म्हणजे माणूसच अडकवून ठेवलेला. तारण म्हणजे कर्जामागे उभं केलेलं काहीही, सोन्यापासून पिकापर्यंत. बँका ‘सोनेतारण’ लिहितात, कारण ‘गहाण’ म्हटलं की बायकांच्या पाटल्या आणि सावकाराची पेढी डोळ्यासमोर येते. गहाणातही नजरगहाण वेगळं (वस्तू तुमच्याकडेच) आणि ताबेगहाण वेगळं (व्याजाऐवजी सावकार जमीन कसतो). स्मृतींत गहाणाला ‘आधि’ म्हणतात. कर्ज दामदुप्पट झालं तरी सोडवला नाही तर आधि बुडतो, पण ज्याचं फळ सावकार खातो तो बुडत नाही, असं याज्ञवल्क्य सांगतो.

आणि समानार्थी आहेत का हे तपासायचंच असेल तर सोपी कसोटी: अक्कल गहाण ठेवतात. अक्कल तारण ठेवलेली कधी ऐकलीय?

हो, मी वकील नाही. ताबेगहाणाची तीस वर्षं गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने 2014 साली म्हटलंय. पण आमच्या कागदावर ‘ताबेगहाण’ हा शब्द नव्हता, आणि तुमचा कागद आमच्यासारखा असेलच असं नाही. तेव्हा माझ्या भरवशावर कोर्टात जाऊ नका. घरात जुना स्टॅम्पपेपर असेल तर मात्र आजच काढून शेवटपर्यंत वाचा.

चुलते आता नाहीत. त्यांचा मुलगा इथे अधूनमधून वाचतो म्हणून लिहितो: दादा, कागदाचा फोटो तुला पुन्हा पाठवलाय. सातवी ओळ वाच. तात्यांनी मळा विकला नव्हता.