हिब्रूत लिहिणारे पॅलेस्टिनी लेखक कोण, आणि सुरुवात कुठून करावी?

अंतोन शम्मास यांच्यापासून सुरुवात करा. जन्म १९५०, लेबनॉन सीमेलगतचं, उत्तर इस्रायलच्या गलील भागातलं फस्सुता गाव. शिक्षण जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात. १९८७ पासून अमेरिकेत, पुढे मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक. त्यांची हिब्रू कादंबरी 'अराबेस्कोत' १९८६ ची, इंग्रजी अनुवाद १९८८ चा. वाचताना बरेच जण अडकतात, कारण 'गोष्ट' आणि 'गोष्ट सांगणारा' असे भाग आलटून पालटून येतात. तरी एकच धागा धरून पानं गाळू नका. दोन्ही धागे एकमेकांत गुंतलेले आहेत आणि खरी गंमत तिथेच आहे.

भाषेवरची पकड बघायची तर शम्मास यांनी पॅलेस्टिनी लेखक एमिल हबीबींच्या अरबी कादंबरीचा केलेला हिब्रू अनुवाद पाहा. हबीबींनी तिच्या नावासाठी अरबीत 'मुतफाइल' (आशावादी) आणि 'मुतशाइम' (निराशावादी) जोडून 'मुतशाइल' हा शब्द घडवला होता. शम्मास यांनी हिब्रूत तसाच सांधा करून अनुवादाला 'हा-ओप्सिमिस्ट' नाव दिलं. अप्रतिम काम आहे!

मात्र हिब्रूत कादंबरी लिहिणारे पहिले अरब म्हणून त्यांचं नाव दिलेलं आढळलं तर ते चूक आहे. अताल्ला मन्सूर यांची कादंबरी १९६६ मध्येच आली होती.