अतिशीत निकेल-तांबे : टोकाचा वेग इंटरफेसच्या जाडीवर का हलतो?

प्रश्न : निकेल-तांबे मिश्रधातूच्या अतिशीत (गोठणबिंदूखाली जाऊनही न गोठलेल्या) द्रवात वाढणाऱ्या डेन्ड्राइटचे (झाडासारख्या फांद्यांच्या स्फटिकाचे) फेज-फील्ड मॉडेल (घन-द्रव सीमा ठरावीक रुंदीचा पट्टा धरणारे संगणकीय मॉडेल) करतो आहे. इंटरफेसची, म्हणजे त्या पट्ट्याची, जाडी बदलली की टोकाचा वेग बदलतो, घनातले तांब्याचे प्रमाणही बदलते. शिवाय अंडरकूलिंग (द्रव गोठणबिंदूच्या किती खाली आहे ते) १०० केल्विन दिले, तर वेग एलकेटी (लिप्टन-कुर्झ-त्रिवेदी यांच्या, टोकाचा वेग सांगणाऱ्या) सिद्धांतापेक्षा बराच जास्त येतो. चूक कुठे असावी?
— संशोधक विद्यार्थी, पुणे

उत्तर : या दोन वेगळ्या अडचणी आहेत, एकत्र सोडवायला जाऊ नका.

आधी जाडी. द्रवातल्या तांब्याचा विसरण-गुणांक सेकंदाला ०.००३ चौरस मिलिमीटर धरा. टोकाचा वेग सेकंदाला ०.१ मीटर असेल, तर टोकापुढचा तांब्याचा थर (विसरण-गुणांक भागिले वेग) जेमतेम ३० नॅनोमीटरचा असतो. इंटरफेस १० नॅनोमीटर रुंद ठेवलात, तर तांबे त्या रुंदीतच अडकून घनात जाते. हे अडकणे धातूतले नाही, मॉडेलमधले आहे. त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ कार्मा यांनी २००१ मध्ये मांडलेला प्रति-सापळा प्रवाह (अडकणारे तांबे परत द्रवाकडे ढकलणारे पद) समीकरणात घाला. मग रुंदी निम्मी करत जा आणि वेगातला फरक पाच टक्क्यांच्या आत आला की थांबा. ग्रिडचे (गणनेच्या जाळीचे) अंतर मात्र दर वेळी रुंदीच्या त्याच प्रमाणात कमी करायचे. स्फटिक ४५ अंशांनी फिरवून एकदा चालवून पाहा. वेग बदलला, तर डेन्ड्राइटची दिशा ग्रिड ठरवते आहे.

हा उपाय सरसकट वापरू नका. वेग सेकंदाला १ मीटर झाला की तोच थर ३ नॅनोमीटरवर येतो, म्हणजे खऱ्या इंटरफेसच्या जाडीच्या जवळ. तिथे द्राव्य (इथे तांबे) खरोखरच अडकते, आणि पूर्ण ताकदीचा प्रति-सापळा प्रवाह तेही पुसून टाकतो. संशोधक अझीझ यांच्या सूत्रानुसार वाटप-गुणांक (घनातले द्राव्याचे प्रमाण भागिले द्रवातले) वेगाबरोबर १ कडे सरकतो. मॉडेलमधून निघणारा गुणांक त्या वक्राशी ताडून पाहिल्याशिवाय जलद वेगांचे निकाल छापू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता वेग जास्त येण्याबद्दल. तुम्ही सगळ्या चौकटीत (गणनेच्या क्षेत्रात) तापमान एकच, लिक्विडसच्या (मिश्रधातू गोठू लागते त्या तापमानाच्या) १०० केल्विन खाली, धरले असावे. एलकेटीमध्ये हे १०० केल्विन चार वाट्यांत विभागलेले असतात : उष्णता, द्राव्य, टोकाची वक्रता आणि अणू जोडले जाण्याची गतिकी. टोक सुप्त उष्णता सोडते, म्हणून ते भोवतालच्या द्रवापेक्षा गरम असते. उष्णतेचा वाटा तुम्ही इतर तिघांना देऊन टाकला, म्हणून वेग फुगला. उष्णतेचे समीकरण जोडणे हा खरा मार्ग, पण तो महाग आहे. द्रवधातूत उष्णतेचे विसरण सेकंदाला सुमारे १० चौरस मिलिमीटर, म्हणजे तांब्याच्या तीन हजारपट. द्विमितीत १ नॅनोमीटरच्या ग्रिडवर एक्स्प्लिसिट पद्धतीने (पुढची पायरी थेट आधीच्या पायरीवरून काढून) द्राव्यासाठी टाइम स्टेप ८० पिकोसेकंद चालते, उष्णतेसाठी ०.०२५. म्हणून उष्णता इम्प्लिसिट (पुढच्या पायरीची सगळी समीकरणे एकत्र) सोडवा, शक्यतो मल्टिग्रिडने (बारीक आणि जाड जाळ्या आलटून वापरणाऱ्या पद्धतीने). तेवढे संगणन हाताशी नसेल, तर एलकेटीतून टोकाचे तापमान काढून तेच चौकटीला द्या. चौकट पाच-सहा मायक्रोमीटरची आणि उष्णतेचा थर शंभर मायक्रोमीटरचा असल्याने हे चालते.

प्रश्न : २०० केल्विन अंडरकूल केलेल्या निकेलच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली डेन्ड्राइट न दिसता बारीक गोल कण दिसतात. मॉडेल चुकले का?

उत्तर : तेवढ्यावरून नाही. निकेलची सुप्त उष्णता भागिले विशिष्ट उष्णता सुमारे ४२० केल्विन येते, म्हणजे सगळे द्रव गोठले तर थेंब तेवढा तापेल. २०० केल्विनवर सुरू झालेल्या जलद वाढीत, म्हणजे रिकॅलेसन्सच्या वेळी, निम्म्याहून थोडे कमीच द्रव गोठते, तेवढ्यात थेंब वितळबिंदूपर्यंत तापतो. उरलेले द्रव सावकाश गोठते. त्या काळात बारीक फांद्या मुळाशी वितळून तुटतात आणि तुकडे गोल होतात. तुमचे मॉडेल पहिल्या टप्प्यापाशी थांबत असेल, तर त्याची तुलना फोटोशी नको, हायस्पीड कॅमेऱ्याने मोजलेल्या वेगाशी करा.