एकच फाईल सहा जणांना पाठवायची, मग सहा कॉप्या कशाला?

प्रश्न: मी नाशिकला अंबडमध्ये द्राक्ष एक्सपोर्टवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. सीझनला रेसिड्यू रिपोर्ट (द्राक्षात औषधांचा अंश किती उरला त्याचा), बागेचे फोटो, बिलं अशी 40 एमबीची झिप सहा जणांना जाते, पिंपळगावचं पॅकहाऊस, सीए, बाहेरचा खरेदीदार वगैरे. सगळ्यांच्या आरएसए 2048 पब्लिक की (लॉक करायच्या, कोणालाही देता येणाऱ्या) आहेत माझ्याकडे. पायथनमध्ये फाईल थेट एन्क्रिप्ट करायला गेलो तर डेटा मोठा आहे म्हणून एरर, मग 190 बाइटचे तुकडे पाडून केलं तर एकेकाची फाईल 54 एमबी होते आणि उघडायलाही खूप वेळ लागतो. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर: आहे ना, आणि सोपा आहे. आरएसए मोठ्या फाईलसाठी नाहीच मुळी, ओएईपी पॅडिंग (सुरक्षेसाठी डेटात घालायची भर) शा-256 हॅशसोबत घेतलं की एका वेळी 190 बाइटच आत जातात आणि बाहेर पडतात 256, म्हणून फाईल फुगतेय, सहा जणांचं मिळून सव्वातीनशे एमबी होतंय बघा.

तुम्ही असं करा, दर फाईलसाठी नवीन रँडम 32 बाइटची की बनवा, तिने अख्खी झिप एईएस-जीसीएमने (लॉक करायला आणि उघडायला एकच की, छेडछाडही पकडते) एकदाच एन्क्रिप्ट करा आणि मग फक्त ती 32 बाइटची की सहा जणांच्या पब्लिक कीने सहा वेळा एन्क्रिप्ट करून फाईलच्या सुरुवातीला ठेवा, अशा प्रत्येक तुकड्यासोबत त्या माणसाच्या कीचा फिंगरप्रिंट, म्हणजे कीची छोटी ओळख. वाढलं किती, दोन केबीच्या आतच! ज्याला फाईल मिळेल तो आपला तुकडा शोधतो, फक्त स्वतःकडे असलेल्या प्रायव्हेट कीने 32 बाइटची की काढतो आणि झिप उघडतो. जीपीजी हा एन्क्रिप्शनचा प्रोग्रॅम पण आतून हेच करतो. आणि सातवी पब्लिक की स्वतःची घाला, नाहीतर पाठवलेली फाईल उद्या तुम्हालाच उघडणार नाही.

मध्येच नवीन माणूस आला तर झिपला हात लावायची गरज नाही, फक्त त्याच्यासाठी एक तुकडा वाढवायचा. काढायचं मात्र अवघड, जुनी फाईल त्याच्याकडे गेलेली असते, ती परत घेता येत नाही, पुढच्या फाईलला नवीन की आणि त्याचा तुकडा वगळायचा, एवढंच आपल्या हातात.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सोडून देतात. जीसीएम आहे म्हणजे कोणी छेडछाड केली तर कळेल असं वाटतं, पण ती 32 बाइटची की सहाही जणांच्या हातात पडते, म्हणजे त्यातला कोणीही रिपोर्टमधला आकडा बदलून फाईल त्याच कीने परत लॉक करू शकतो आणि उघडणाऱ्याला काहीच एरर येणार नाही. शिवाय पब्लिक की कोणालाही मिळू शकतात, त्यामुळे बाहेरचा माणूससुद्धा तुमच्या नावाने अशी फाईल बनवू शकतो. तुमच्याकडे रेसिड्यू रिपोर्ट आहेत, तिथे हे अजिबात चालणार नाही. म्हणून झिपवर तुमच्या प्रायव्हेट कीने डिजिटल सही करा, एन्क्रिप्शनची की वापरू नका, सहीसाठी वेगळी एड25519 प्रकारची कीची जोडी बनवा आणि तिची पब्लिक की सगळ्यांना आधीच देऊन फिंगरप्रिंट फोनवर वाचून जुळवून घ्या. समोरच्याच्या कोडमध्ये सही जुळली नाही तर झिप उघडूच द्यायची नाही.