आधी आतल्या चार ओळी लिही, कात्री नंतर

प्रिय पोरी,

तुझा परवाचा लांबलचक मेसेज आला तेव्हा मी लोकलमध्ये होते, उभ्या उभ्याच वाचला आणि घरी आल्यावर चहा घेत परत वाचला. टीममधल्या 14 जणांना दसऱ्याला हाताने केलेलं काहीतरी द्यायचंय, व्हिडिओ बघून बघून डोकं भंजाळलंय, तीन आठवडे हातात आहेत आणि तू क्विलिंगच्या पट्ट्या, रिबिनी, चमकी, पॉप-अपचे साचे असलं सगळं ऑनलाइन कार्टमध्ये भरून बसलीयेस. आधी ते कार्ट रिकामं कर बघू. खरंच सांगते, त्यातलं काहीएक लागणार नाही, आणि चमकी तर ऑफिसात अजिबात नेऊ नकोस, कीबोर्डच्या फटीत गेलेली चमकी दिवाळी उलटून गेली तरी निघत नाही.

मी हाताने कार्डं करायचं हे काम 26 वर्षं करतेय, धंदा म्हणून कधीच नाही, ऑफिसातल्या आणि बिल्डिंगमधल्या माणसांसाठी, आणि इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट पक्की कळलीये की आत काय लिहायचं ते आधी ठरवायचं आणि कात्री मग हातात घ्यायची. सगळे उलटं करतात. चार तास कार्डाच्या वरच्या फुलांवर जातात, रात्री साडेबाराला कार्ड उघडून बसतात तेव्हा आतली बाजू पांढरीफटक, डोळे मिटायला आलेले, मग काय, हॅपी बर्थडे लिहायचं, खाली नाव टाकायचं आणि झोपायचं.

मीही केलंय हे. एका वर्षी आमच्या सेक्शनच्या 32 लोकांना नवीन वर्षाची 32 कार्डं केली, प्रत्येकावर खिडकी कापून आत घोटीव कागदाचा सूर्य, महिनाभर रात्री जागून. आत सगळ्यांना एकच ओळ. 2 जानेवारीला पाहिलं तर एका टेबलावर माझं कार्ड चहाच्या कपाखाली, सूर्यावर गोल डाग पडलेला. खूप लागलं मनाला. पण मग ते कार्ड हातात घेऊन वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्याच्यात त्या माणसाचं असं काहीच नव्हतं गं, नाव होतं तेही पाकिटावर, आणि पाकीट त्याने टाकून दिलेलं.

आता दुसरी गोष्ट सांगते. आमच्याकडे एक शिपाईकाका होते. 26 जुलै 2005, सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस, तू तेव्हा अगदीच लहान असशील, आम्ही 19 जण रात्रभर ऑफिसातच अडकलो. दूध संपल्यावर काकांनी कोरा चहा सुरू केला, दर दोन तासांनी, आणि पहाटे चारच्या सुमारास माझ्या हातात कप देताना हळूच म्हणाले, "मॅडम, घरी फोन लागला का?" तोपर्यंत मला कुणीच हे विचारलं नव्हतं, ज्याला त्याला आपापल्या घरची काळजी होती. ते रिटायर झाले तेव्हा मी साधी क्रीम रंगाची कार्डशीट घेतली, मधे घडी घातली, वर काहीही चिकटवलं नाही, आणि आत ही पहाटे चारची गोष्ट जशी घडली तशी लिहून दिली. सहा-सात वर्षांनी त्यांच्या मुलीच्या लग्नात भेटले तर झब्ब्याच्या खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून ते कार्ड काढलं. मावावं म्हणून त्यांनी आणखी दोन घड्या घातलेल्या. त्यांच्या घड्या शाबूत होत्या, फाटलेलं होतं ते मी घातलेल्या घडीवर, आणि मागून सेलोटेप लावलेली, तीही पिवळी पडलेली.

ते बघून बरं वाटलं आणि चुटपुटही लागली, कारण ती घडी माझ्या हातून चुकली होती. मशीनवर बनणाऱ्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने लागलेले असतात, लाकडाला रेषा असतात ना तसंच. त्या दिशेने घडी घातली तर कागद गुमान वळतो, तिच्या आडवी घातली तर तंतू मोडतात, घडीवर पांढरी रेघ दिसते आणि काही वर्षांत तिथेच चीर जाते. ओळखायचं कसं, तर कापण्याआधी शीट दोन्ही बाजूंनी नुसती वाकवून बघायची, मोडायची नाही, ज्या बाजूने कमी जोर लागतो त्या बाजूने घडी. मग स्टीलची पट्टी ठेवायची आणि रिफिल संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी रेघ ओढायची, एकदाच पण दाबून, आणि घडी घातल्यावर चमच्याच्या पाठीने घासायची. संपलेलं पेन म्हणून टाकून देऊ नकोस कधी, माझ्याकडचं एक नऊ वर्षं चाललंय.

कागदाचं सांगते. प्रिंटरचा कागद 70-80 जीएसएमचा असतो (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), त्याचं कार्ड उभं राहत नाही, मान टाकतं. 220 ते 300 च्या मधली शीट घे. मी क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला जाते, तुला पुण्यात बोहरी आळी आहे, अप्पा बळवंत चौक आहे, दोन्हीकडे सुटे कागद हात लावून बघू देतात. आणि शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे एकदा तरी जाऊन ये. 1940 साली गांधीजींच्या प्रेरणेने सुरू झालेली, के. बी. जोशींनी उभी केलेली. हा कागद लाकडाचा नसतो, सुती कापडाच्या कातरणीचा असतो, चिंध्या बारीक करायच्या, पाण्यात कुटून त्यांचा लगदा करायचा आणि जाळीच्या चौकटीवर उचलून घ्यायचा. तंतू सगळीकडे पांगलेले, त्यामुळे दिशेची भानगड फारशी नसते, कुठेही घडी घाल, पटकन फाटत नाही. काकांचं कार्ड मी या कागदावर केलं असतं तर आजही अखंड असतं, हे मला अजून डाचतं. फक्त एक कर, लिहिण्याआधी कोपऱ्यावर पेन चालवून बघ, काही हातकागदांवर शाई पसरते आणि मग अक्षर मांजरीच्या केसांसारखं दिसतं. जेल पेन नाही चाललं तर बॉलपेन नक्की चालतं.

आणि घरात जुन्या लग्नपत्रिका असतील बघ. गणपतीचं चित्र असतं म्हणून आई टाकू देत नाही आणि म्हणून कपाटात गठ्ठा साठलेला असतो. गणपती अलगद कापून जपून ठेव, बाकीचा कोरा जाड कागद म्हणजे चांगली कार्डशीटच आहे, फुकटची.

आता तुझा दसरा. तू म्हणालीस कार्डं करते, मी म्हणते आपट्याची पानं कर. दर वर्षी गाड्यावर फांद्यांचे ढीग येतात, झाडं ओरबाडून आणलेली, त्यात निम्मा कांचन असतो जो आपटा म्हणून खपवतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळा ढीग कचऱ्यात. कागदाचं पान वहीत राहील. तुझ्या टीममध्ये हैदराबादचे, लखनौचे लोक आहेत, त्यांना एका ओळीत कौत्साची गोष्ट सांग: गुरूंना 14 कोटी सुवर्णमुद्रा द्यायच्या होत्या, रघुराजाकडे मागायला गेला, कुबेराने आपट्यावर सोन्याचा पाऊस पाडला, आणि उरलेलं सोनं कौत्साने घरी नेलं नाही, लोकांना लुटायला दिलं. तुमचीही टीम 14 चीच, मला वाचल्या वाचल्या तेच आठवलं.

पान असं कर. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद असतं, हे लक्षात ठेव, नाहीतर बदामाचा आकार होतो आणि सगळी मजा जाते. 10 सेंटिमीटर रुंद आणि 7 उंच असा तुकडा घे, हिरवट किंवा मातकट रंगाचा. सोनेरी कागद नको, गुळगुळीत असतो, त्यावर पेन टिकत नाही. मधे उभी घडी घाल. घडीची बाजू डाव्या हातात धर. खालून सुरुवात कर, देठाची जागा थोडी आत घे, मग कात्री बाहेर जाऊ दे, गोल वर चढू दे, वरती पोचल्यावर पाकळी गोलसरच ठेव, टोक काढू नकोस, आणि तिथून परत घडीकडे खाली ये, वरून मोजून उंचीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत. कात्री फिरवायची नाही, कागद फिरवायचा, कात्रीचा हात जिथल्या तिथे. उघडलंस की दोन सारख्या पाकळ्या. आता ते संपलेलं पेन घे, आणि देठापासून पंख्यासारख्या शिरा ओढ, प्रत्येक बाजूला चार, वरच्या दिशेने थोड्या वळत जाणाऱ्या. पेनात शाई नाही म्हणून रेघ दिसत नाही पण तिरप्या उजेडात धरलं की खोल शिरा दिसतात, बोट फिरवलं तर लागतात. पहिली तीन पानं बिघडतील, चौथ्याला जमेल.

खरं पानही मधल्या शिरेवर मिटतं, त्यामुळे हे मिटलं की आपोआप कार्ड होतं. शिरा बाहेरच्या अंगाला राहतील असं मीट, आणि आत, जिथे दोन तळव्यांसारखी जागा आहे, तिथे त्या माणसाची गोष्ट. इथे सगळा वेळ घालव. आज रात्री एका वहीत 14 नावं लिही आणि पुढचा आठवडाभर काहीही कापू नकोस, फक्त बघ. कोण मीटिंगमध्ये तुझ्या बाजूने बोललं, कोण डब्यात मेथीची भाजी मुद्दाम जास्त आणतं, कोणी तू रडून वॉशरूममधून आलीस तेव्हा काही न विचारता तुझी एक्सेल शीट पूर्ण करून टाकली. "तू खूप हेल्पफुल आहेस" असलं लिहायचं नाही, ते कुणालाही लागू पडतं. "मार्च एंडिंगच्या रात्री तू मला स्टेशनपर्यंत सोडायला आलास आणि माझी गाडी हलेपर्यंत थांबलास", हे लिही. दोन ओळी पुरतात. ज्याच्याबद्दल आठवड्यात काहीच सापडलं नाही त्याच्यासोबत एकदा चहाला जा, तेव्हा सापडेल.

बॉसचं पान मोठं करू नकोस, सगळ्यांचं एकाच मापाचं. आणि 14 नाही, 17 कर. सिक्युरिटीचे काका, हाऊसकीपिंगच्या ताई आणि कँटीनमधला मुलगा. तुझ्या मेसेजमध्ये ते नव्हते. माझ्याही यादीत बरीच वर्षं नव्हते.

चिकटवायचं फारसं नाहीच, पण देठ लावायचा असेल तर फेव्हिकॉल अगदी पातळ, जुन्या व्हिजिटिंग कार्डाने ओढून घ्यायचा. जास्त झाला की पाण्याने तंतू फुगतात आणि कागद पापडासारखा वाकडा होतो. रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेव.

आणि तू शेवटी विचारलंस ते, टीममधली एक जण सोडून चाललीये, तिच्या मोठ्या कार्डावर सगळ्यांच्या सह्या. तिथे पहिला माणूस कोण आहे ते बघ. पहिला सही करणारा मधोमध ऐसपैस लिहितो आणि मग बाकीच्यांना कडेकडेने घुसावं लागतं. म्हणून पहिली तू लिही, एका कोपऱ्यात, बारीक अक्षरात आणि दोन ओळी भरून, बाकीचे आपोआप तसंच लिहितात. कार्ड ईमेल करून फिरवू नकोस, स्वतः घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी जा आणि तो लिहीपर्यंत बाजूला हो, कुणी बघत असलं की माणूस मनातलं लिहीत नाही.

पहिलं जमलेलं पान मला पोस्टाने पाठव. फोटो नको, शिरांवर बोट फिरवून बघायचंय मला.

तुझी,
मॅडम (मावशी म्हणालीस तरी चालेल आता)

ता. क. – नावं ज्याची तो जशी लिहितो तशीच लिही, दीक्षित की दिक्षीत हे विचारून घे. आणि हाऊसकीपिंगच्या ताईंना सगळे नुसतं ताई म्हणतात, त्यांचं पूर्ण नाव आधी माहीत करून घे.